आप्पांच्या धनुष्याचा आवाज

बेळगुंदी, आश्विन शुद्ध अष्टमी

परवा दसरा. केळीच्या खुंटावर पहिला बाण माझ्या वडलांनीच, आप्पांनीच मारायचा. पण धनुष्याच्या हिसक्यानं त्यांचं मनगट लई दुखतं. म्हणून आज दोरीचा पीळ वाढवला, बाण जड घेतला. हिसका कमी झाला. तेवढ्यावर थांबायचं की नाही मी? आवाज नको म्हणून दोरीला घोंगडीच्या लोकरीचे गोंडेही बांधले.

आप्पांनी बाण सोडला आणि तसेच उभे राहिले. "कुठं गेला रं?"

"खुंटात बसला की, आप्पा."

"मला खुंट दिसतोय, बाण दिसत न्हाय. बाण नीट सुटला का चुकला, ते मला दोरीच्या आवाजावरनंच कळतंय."

त्यांचे डोळे अधू झालेत, हे मला ठाऊक नव्हतं का? आवाज खाल्ला तो त्या गोंड्यांनी! लगेच सोडून टाकले. पुन्हा बाण हातात दिला.

टण्ण!

मी खुंटाकडं बघायच्या आधीच आप्पा म्हणाले, "बसला."