पत्र्याची शेवंती

४ एप्रिल
डब्याच्या शिवणीत कातर अडकली. जोर दिला. पत्रा सुटला आणि डाव्या डोळ्यात काहीतरी गेलं. पाकळी मात्र चांगली निघाली. तेलाच्या डब्याचा पिवळा, शेवंतीला हवा तसा.
चित्रकलेचे बागवान सर म्हणाले, चोळू नका. सोपान शिपायाने पिंपाच्या तळातून तांब्याभर पाणी काढून दिलं. "तळाचं हाय बाई, गाळून घ्या." पदराने गाळलं. डोळा धुतला. टोचायचं थांबलं असं वाटलं.
तीन फुलं पुरी झाली. शाळेची बाग पाण्यावाचून जळाली तेव्हा मोठ्या बाईंना ही पत्र्याच्या फुलांची भिंत सुचली. नव्या जिल्ह्याचे साहेब येणार, त्यांना नुसती माती कशी दाखवायची.

५ एप्रिल
डोळा लाल. वर्गात फळ्याकडे तोंड करून उभी राहिले.
ह्यांनी दुकानातून चहाच्या खोक्यांतला चांदीचा कागद पाठवला. मोगऱ्याला होईल. मुलींनी सोड्याची बुचं आणली, ती फुलांच्या मध्ये बसवायची.
सिमेंटला पाणी हवं. सोपान पिंपाला पाठ लावून उभा.
"पोरींला प्यायला न्हाई अन् भिताडाला पाजायलाव व्हय?"
बागवान सर हसले. "आडनाव बागवान. पाणी मागितलं की चोर."
निम्मंच घेतलं. सर म्हणाले, कमी पडेल.

७ एप्रिल
उजेड सहन होत नाही. आरशात बुबुळावर पांढरा ठिपका. सासूबाईंनी हनुवटी धरून उन्हाकडे फिरवली.
"काही नाही अव्वा."
"न्हाई कसं. फूल पडलंय."
संध्याकाळी डॉक्टरांकडे. तेही तेच म्हणाले, फूल पडायला लागलंय. थेंब दिले. "लातूरला डोळ्यांच्या दवाखान्यात दाखवा. दोन-तीन दिवसांत. नंतर माझ्या हातात काही नाही, त्यांच्याही नाही."
हे शेजारीच बसले होते. दुकानाच्या चाव्या बोटात फिरवत राहिले. बाहेर आल्यावर म्हणाले, "अव्वाला इचारतो."

८ एप्रिल
अव्वांनी ठरवलं. सोमवारी वीरभद्राला फूल लावायचं. उजव्या खांद्यावरचं आधी पडलं तर लातूर. डाव्या खांद्यावरचं पडलं तर नाही.
"डॉक्टर दोन-तीन दिवस म्हणाले, अव्वा."
"देव काय डाक्टरला इचारून बोलतो?"
मग ह्यांच्याकडे वळून कानडीत, हळू: "बलक्क बिद्र होगु." उजवीकडे पडलं तर जा. घरात महत्त्वाचं सगळं कानडीत बोललं जातं.
थोरले भाऊजी डावं पडलं असताना सोलापूरला गेले होते, पोटाच्या ऑपरेशनला. जीपमधून परत आणलं, झाकून. तेव्हापासून अव्वा सोलापूरचं नाव घेत नाहीत, 'तिकडं' म्हणतात. आज जेवल्या नाहीत.
पगार माझा आहे. बस दारावरून जाते. गेले नाही. सोमवार धरून बसले आहे मीसुद्धा. हे इथेच लिहिता येतं.

९ एप्रिल
नववीचा तास. सोपान दारात. "बाई, फूल पडलं."
हात डोळ्याकडे गेला.
तो भिंतीबद्दल बोलत होता. मोगरा निखळला होता, मागचं सिमेंट भुगा. बागवान सरांनी भुगा बोटांत चोळून पाहिला. पाकळ्या रुमालात बांधून माझ्याकडे दिल्या.
आज यायचे ते साहेब आले नाहीत. टँकरच्या बैठकीला दुसरीकडे गेले. त्यांच्यासाठी बसवलेलं स्वागतगीत मुलींनी उन्हात मोठ्या बाईंपुढेच म्हटलं.
एका डोळ्याने भिंत सपाट दिसते. पाकळीवर पाकळी चढवली होती, ती मेहनत दिसत नाही. चकाकी तेवढी दिसते. बघवत नाही.

११ एप्रिल, सोमवार
बाजारात फूल नाही. देवळामागच्या बेलालाही पान नाही. पूजा करणारे स्वामी म्हणाले, "महिना झाला. नुसत्या भस्मावर चाललंय."
अव्वांनी कमरेची पिशवी सोडली. आत मोगऱ्याच्या दोन पाकळ्या. माझ्याकडच्या रुमालातून कधी घेतल्या कळलं नाही.
"अव्वा, ह्याला वास न्हाई," स्वामी म्हणाले.
"पाण्याला तरी कुठं वास हाय. हिच्याच हातचं हाय, हिच्याच डोळ्याचं इचारायचंय."
स्वामींनी भस्म ओलं करून एकेक पाकळी देवाच्या दोन्ही खांद्यांवर चिकटवली. आम्ही बसलो.
दुपार झाली. मग लक्षात आलं. खरं फूल सुकतं म्हणून पडतं. भस्मही सुकतं, पण चांदीचं वजन ते किती. लागली ती लागली.
ह्यांनी विचारलं, "स्वामी, अजून किती येळ?"
"बोलल तवा बोलल. लावल्यावर हात लावता येत न्हाई."
बाहेर लातूरची बस येऊन गेली. मी ह्यांना म्हटलं, "उठा. हे पडणार नाही. ही फुलं सुकणारी नाहीत."
अव्वांनी मान वळवली नाही.
"तूच केलीस न्हवं तसली."
टोमणा नव्हता. असता तर उत्तर देता आलं असतं.
दिवेलागणीपर्यंत बसलो. उजवा डोळा झाकून समईकडे पाहिलं. ज्योत नाही. पांढरं, दुधाळ, कडा नसलेलं.
घरी येताना हे म्हणाले, "उद्या बघू."
थेंब संपले आहेत.

१२ एप्रिल
बसमध्ये लिहिते आहे. अक्षर ओळ सोडून चाललं आहे.
सकाळी देवळात डोकावले. दोन्ही पाकळ्या जागच्या जागी. स्वामी गाभारा झाडत होते, वर न बघता. हे दुकान उघडायला गेले. मी स्टँडकडे वळले.
स्टँडवर अव्वा आधीच उभ्या. हातात भाकरीचं गाठोडं, पाण्याची बाटली. माझ्या मागून बसमध्ये चढल्या.
"देवानं डावं तरी कुठं दिलंय," म्हणाल्या.
माझ्या डाव्या बाजूला बसल्या आहेत. पूर्ण मान वळवल्याशिवाय दिसत नाहीत. कंडक्टरने विचारलं, कुठं? त्यांनीच उत्तर दिलं. लातूर म्हणाल्या नाहीत.
"तिकडं," म्हणाल्या. "दोन."
बस सुटली.