पंखवाल्या बाईचा मुलामा

८ ऑक्टोबर २०२४, मंगळवार

आज एकही पाहुणा नाही. झुंबराच्या लोलकांची नोंद करत बसले, चौऱ्याऐंशीव्याला कंटाळा आला. विश्वजितरावांच्या पणजोबांनी विलायतेहून घड्याळं, आरसे, चिनी बरण्या आणल्या आणि कृष्णाकाठी उसाच्या मधोमध बंगला बांधून इटालियन बाग केली. आता त्याचं संग्रहालय; मालक विश्वजितराव, सांभाळणारी मी. सहलीची पोरं विचारतात, यात आपलं काय? मी म्हणते, धूळ.

कराडला घरी निघताना झाडलोट करणाऱ्या बनुबाईंना सांगितलं — दसरा आलाय, पितळ सगळं घासून ठेवा. म्हणजे दाराच्या कड्या, समया. पण हे मनातच राहिलं.

१० ऑक्टोबर, गुरुवार

परत आले. दिवाणखान्यातलं फ्रेंच घड्याळ, पंखवाली बाई असलेलं — त्यावरचा सोन्याचा मुलामा गेला! दीडशे वर्षं टिकला होता. खाली नुसता तांबूस धातू. बनुबाई शाबासकीची वाट बघत शेजारी उभ्या. "आवं ताई, लय काळवंडलं हुतं. चिंच लावली, राख लावली, दोन दिस घासलं. बगा की कशी लखलखती!"

मी म्हणाले, छान.

१२ ऑक्टोबर, दसरा

नाथाजी माळ्याने संगमरवरी कारंज्याला झेंडूची माळ घातली. बनुबाईंनी घड्याळाला. अजून कुणाला काही कळलेलं नाही. मला भीती वाटतेय.

१४ ऑक्टोबर, सोमवार

विश्वजितराव आले. दारातूनच दिसलं त्यांना. आवाज चढवला नाही, फक्त विचारलं, हे घासायला कुणी सांगितलं?

मी गालिच्याकडे बघत राहिले.

"कुनी न्हाई," बनुबाई म्हणाल्या. "माजं मीच."

बावीस वर्षांची नोकरी महिनाअखेरीस संपणार. बागेमागची खोलीही सोडायची. दुसरं घर नाही त्यांना.

१५ ऑक्टोबर

बनुबाईंना गाठलं. असं का म्हणालात?

"तुमी काय चिंच लाव म्हनला हुता व्हय?"

आणि झाडू घेऊन पुढच्या खोलीत गेल्या. माझ्यावर राग नाही त्यांचा. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. लाज वाटतेय.

१७ ऑक्टोबर

पत्र लिहिलं. पाच ओळींचं. पितळ घासायला मी सांगितलं, घड्याळ सोडून असं सांगायचं राहिलं, चूक माझी. बनुबाईंना ठेवा. खाली सही — रुमाना. तीनदा वाचलं, कुठेही पळवाट ठेवलेली नाही. बऱ्याच दिवसांनी नीट जेवले.

१८ ऑक्टोबर, शुक्रवार

पत्र दिलं. विश्वजितरावांनी उभ्यानेच वाचलं, घडी घातली आणि माझ्यासमोर धरलं. "मॅडम, झाडलोटीला माणूस मिळतं. तुमच्या जागी कोण मिळणार? हे मी वाचलेलं नाही."

मी पत्र परत घेतलं.