मामाजींची हवेची वही

मामाजी, आज सकाळी आठ वाजता पारा बासष्टवर होता, उत्तरेकडून जरासा वारा, आभाळ निरभ्र. हे आधी सांगितलं, कारण मी कशी आहे, घरी सगळे कसे आहेत, हे विचारायच्या आधी तुम्ही हेच विचारलं असतं. आता सगळे सेल्सियसमध्ये बोलतात, पाऊस मिलिमीटरमध्ये मोजतात. नातू मला हिशोब करून सांगतो, पण फॅरनहाइटातलं एकशे आठ म्हटल्याशिवाय मला ऊन लागल्यासारखं वाटत नाही. तुम्ही गेलात त्या वयाच्या पुढे मी केव्हाच आले. गुडघे दुखतात, बाकी बरं आहे. खरं म्हणजे चांगलंच आहे.

मी तुमची सून होऊन खामगावात आले तेव्हा सतरा वर्षांची होते. माहेर संग्रामपूरच्या बाजूचं, सातपुड्याच्या पायथ्याचं. मराठी चौथी झालेली, तेवढंच काय ते शिक्षण. तेव्हा वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेला होता, शाळेतल्या नकाशावर दोघांचा रंग एकच असायचा, आणि तो नकाशा तुम्ही उभा जन्म पोरांना शिकवला होता. शाळा सुटल्यावर, म्हणजे पेन्शनीत निघाल्यावर, तुम्ही हवेच्या मागे लागलात, असं सासूबाई म्हणायच्या. अंगणात चार पायांवर उभी केलेली, चुन्यानं पांढरी केलेली झापडांची लाकडी पेटी, तिच्यात कालच्या दिवसाचं सगळ्यांत जास्त आणि रात्रीचं सगळ्यांत कमी तापमान दाखवणारा थर्मामीटर, आणि बाजूला नळीवर बसवलेलं पाऊस मोजायचं नरसाळं. ते गल्लीतल्या टिनवाल्या चाचांनी तुमच्या मापानं करून दिलेलं. तहसिलीत पाऊस मोजतात हे तुम्हाला माहीत होतं, पण तिथे अर्धा इंच पडतो तेव्हा आपल्या गल्लीत टिपूसही नसतो, मग आपल्या गल्लीचं कोण लिहिणार, असं तुमचं म्हणणं. कपाशीच्या हंगामात सरकी काढणाऱ्या जिनाचा आठचा भोंगा झाला की तुम्ही पेटी उघडायचात, आणि ओसरीवर बसून आकडा मोठ्यानं म्हणत वहीत लिहायचात. गल्लीतले लोक तिला हवेची वही म्हणायचे.

माझ्या पहिल्याच उन्हाळ्यातली गोष्ट. सकाळी सडा टाकताना मी पेटीच्या फटीतून सहज आत बघायचे. पारा पुढे ढकलतो ती बारीकशी काडी कुठे थांबली ते वाचायला तेवढी चौथी पुरे होती. मी वाचलेला आकडा आणि तुम्ही म्हणालेला आकडा जुळेना. कधी दोनचा फरक, कधी तीनचा. आधी वाटलं, मलाच कळत नाही. मग एक दिवस तुम्ही पेटीपुढे नीट वाकलेले असताना मी पाहिलं, तुमचे डोळे काचेवर नव्हतेच. तुम्ही हात पुढे करून हवा अंगाला लावून घेत होतात आणि अंदाजानं कालचा आकडा ठरवत होतात. तेव्हा सून सासऱ्याशी बोलत नसे. डोक्यावर पदर घ्यायचा, काही हवं-नको असलं तर सासूबाईंकडून कळवायचं. आठ दिवस मी गप्प राहिले. नवव्या दिवशी तुम्ही ओसरीवर बसून म्हणालात, "एकशे सात," आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "एकशे चार."

सासूबाई चुलीपुढून उठून आल्या. "काऊन वं, सासऱ्याले शिकवून राह्यली?" तुम्ही दौतीचं झाकण लावलंत आणि आत गेलात. मी माजघरात रडत बसले. तुमचा मुलगा कामावरून आला, त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तू म्हणते ते खरं हाय काय?" मी म्हटलं, हाव. "मंग रडून काऊन राह्यली?" एवढं बोलून तो हातपाय धुवायला गेला.

दुसऱ्या दिवशी आठ वाजता तुम्ही अंगणातून हाक मारलीत. "सूनबाई, इकडे ये. वाच." मी येते आहे, पदर सावरते आहे, पेटीचं दार तुमच्या हातात आहे, सासूबाई ओसरीच्या खांबाला टेकून बघताहेत. मी वाचलं, एकशे पाच. तुम्ही लेखणी माझ्यापुढे धरलीत. मग हळूच विचारलंत, "किती दिवसांपासून माहीत होतं तुले?" मी म्हटलं, आठ दिवस. "आठ दिवस चूप राह्यली?" तुमचा आवाज चढला. बोलल्याबद्दल नव्हे, न बोलल्याबद्दल मला रागावणारे तुम्ही त्या घरात पहिलेच. त्यानंतर जे केलंत ते मी आजवर कुणाला नीट सांगू शकलेले नाही. मला होळीपासूनची पानं काढायला लावलीत, त्यांवर तांबडी रेघ ओढायला लावलीत आणि शाळेत शुद्धलेखन घालावं तसं सांगितलंत, "लिही. होळीपासून कालपर्यंतचे आकडे विश्वासार्ह नाहीत. वाचणाऱ्याची दृष्टी गेली होती." मी म्हटलं, "मामाजी, दोन-तीन डिग्रीचाच तर फरक हाय, राहू द्या ना." तुम्ही म्हणालात, "तू लिही." मी लिहिलं. मग तुम्ही माझा हात धरून लेखणी कागदावर कुठे टेकवायची ते विचारलंत आणि खाली सही केलीत. ती सही ओळ सोडून वर गेली आहे. घरच्यांनाही तुमच्या डोळ्यांचं तेव्हाच कळलं. डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला, इलाज नाही म्हणाले, आणि तुम्ही त्यांना खोलीत ऊन कुठून येतं ते विचारत बसलात.

तेव्हापासून वही माझी झाली. एकदा घरात हळदीकुंकू होतं, मी पेटी उघडायला विसरले आणि अंदाजानं रात्रीचा आकडा टाकला, अठ्ठेचाळीस. वाचून दाखवला तेव्हा तुम्ही मान हलवलीत. "रात्रभर आभाळ होतं. आभाळ असताना पारा इतका खाली जाईनच कसा?" माझे कान तापले. "इसरली तर जागा खाली सोड," म्हणालात, "मी केलं ते तू करू नोको." नंतर कधीच केलं नाही. वहीत माझ्या बाळंतपणाच्या जागा कोऱ्या आहेत, मलकापूरला नणंदेच्या लग्नाला गेले तेव्हाच्या आहेत. लपवायचं काही नाही.

पण पाऊस तुम्हाला स्वतः मोजायचा होता, हे मला दिसायचं. मी नळीतलं पाणी मोजत असताना तुम्ही हात मागे बांधून उभे राहायचात. म्हणून मी टिनवाल्या चाचांकडे निरोप पाठवला. घराबाहेर कुणाला काम सांगायची माझी ती पहिलीच वेळ. चाचा स्वतः आले, दारातच थांबून म्हणाले, "बेटी, मास्तरांसाठी काय पाहिजे ते फक्त सांग." त्यांनी सागाची पातळ पट्टी केली आणि तिला कानशीनं खाचा पाडल्या, एका खाचेला इंचाचा दहावा भाग. पट्टी नळीत बुडवायची, वर काढायची, कोरड्यावरून ओल्यापर्यंत अंगठा न्यायचा आणि खाचा मोजायच्या. श्रावणातल्या एका सकाळी तुम्ही मोजल्यात, पुन्हा मोजल्यात, आणि म्हणालात, "सात. तू पाहून सांग." मी पाहिलं, सात आणि वर थोडं. "थोडं लिही," म्हणालात, आणि इतके हसलात की चाचांना रस्त्यावरून ऐकू गेलं. पुढची सगळी वर्षं पाऊस तुमचा आणि पारा माझा.

तुम्ही गेलात ती सकाळ मार्गशीर्षातली. माणसं जमली होती, मी सासूबाईंजवळ बसले होते. त्यांनी डोळे पुसले, मला कोपरानं ढोसलं आणि म्हणाल्या, "जाय, आठ वाजून राह्यले. वही कोण लिहीन?" मी उठले, पेटी उघडली, एक्कावन्न लिहिलं आणि परत येऊन त्यांच्याजवळ बसले. त्यांनी विचारलं, किती? मी सांगितलं. त्यांनी मान डोलावली. वहीबद्दल त्या मला पुन्हा कधी रागावल्या नाहीत.

हा कागद कुठे जायचा नाही हे मला कळतं. लिहून झाला की चालू वहीत ठेवून देईन. पण एक गोष्ट तेवढी राहिली आहे. सुरुवातीला सासूबाईंनी तुमच्यासमोरच विचारलं होतं, एक आकडा पाहायला हिला एवढा वेळ काऊन लागते म्हणून. मी म्हणाले, पेटी उघडली की दहा मिनिटं थांबावं लागतं. मामाजी, अर्धं मिनिट पुरतं. उरलेला वेळ मी नुसती उभी असायचे, कुणी हाक मारणार नाही अशी सगळ्या दिवसातली तेवढीच वेळ. आणि तो पारा वर्षानुवर्षं वाचलेले तुम्ही, ओसरीवरून म्हणालात, "हो, लागतात दहा मिनिटं."