तेहतीस कोटींची पाटी

२ एप्रिल
ठरलं. एकतीस मेला निवृत्त होतोय. त्याआधी माझ्या नावाचा नीळकंठ सिद्धांत जगापुढे ठेवायचा. चौतीस वर्षं दुसऱ्यांची गणितं शिकवली, आपलं एक तरी मागे राहावं. ३१ ही मूळ संख्या. एक आणि ती स्वतः सोडून तिला कोणी भागू शकत नाही. ३३१ तशीच. ३३३१ पण. म्हणजे शेवटी एक ठेवून पुढे तीन वाढवत गेलं, की प्रत्येक संख्या मूळ. उद्यापासून पहाटे पाचला भागाकार.

३ एप्रिल
सव्वाआठला उठलो. परवापासून.

२१ एप्रिल
३३३३३३३१ पर्यंत सातही मूळ निघाल्या! शेवटचीचे सातशेच्या वर भागाकार. मान धरली. बायको शारदा म्हणे, "बाम लावू का मानेले, का तिलेबी भागता?" दुर्लक्ष केलं.

२२ एप्रिल
आता आठवी, ३३३३३३३३१. हिचे भागाकार दोन हजारांवर. जळगाव जामोदचं ऊन, त्यात कूलर बंद. सात बहिणी पहिल्या वर्गात पास झाल्यावर आठवीचा पेपर कोण बारकाईने तपासतं? मूळच आहे.

२ मे
फाटकाला संगमरवरी पाटी करतोय. खाली माझं नाव, वर संख्या. पाटी कोरायला संग्रामपूरचा सहदेव आला. म्हणाला, "सर, मोबाईल नंबर हाय तर एक आकडा कमी पडून राह्यला." अर्धा तास समजावलं. "हाव," म्हणाला आणि कोरायला बसला. शारदाने आकडा वाचायला लावला. तेहतीस कोटी तेहतीस लाख तेहतीस हजार तीनशे एकतीस. म्हणे, तेहतीस कोटी देव ठाऊक होते, हे वरचे कुठले?

१७ मे
पाटी बसली. कुरियरवाला फाटकात उभा राहून तोच नंबर लावत होता. लोकांची तयारी कमी पडते.

३१ मे
निरोप समारंभ छान झाला. नंतर सगळे शिक्षक घरी चहाला. फाटकापाशी सिद्धांत सांगितला. टाळ्या. माझ्या हाताखालचे कुलदीप सर मोबाईलवर काहीतरी करत होते. हळूच म्हणाले, "सर, सतरानं भाग जाऊन राह्यला." म्हटलं, मोबाईल तापला असेल. त्यांनी कागदावर करून दाखवलं. बाकी शून्य. सगळ्यांनी चहा लवकर संपवला. फार लाज वाटली.

१ जून
स्वतः केला. सतरा गुणिले १,९६,०७,८४३. सतरा म्हणजे सुरुवातीचाच भागाकार होता. पाच मिनिटांचं काम. सहदेवला फोन केला, एक तीन पुसता येईल का? म्हणे, "दगड हाय सर, पुसल्या जात नाही. वाढवून देतो." आणखी एक तीन वाढवला तर ६७३ ने भाग जातो. या वेळी आधी पाहिलं. त्यात दिवस गेला.

३ जून
शारदाने सकाळी पाटीवर झेंडूची माळ लावली. आकडा बरोबर झाकला. म्हणे, सुकली की दुसरी लावू. डोळे भरून आले. फुलं मोजायची नाहीत असं ठरवलं.

सतरा आहेत.