एक्केचाळीस नंबरचा दिवा

अल्लाहचे नाव घेऊन, कोणाच्याही दडपणाला बळी न पडता, मी इगलाल रिझ्क अल-फखरानी, वय सदुसष्ट, अविवाहित, राहणार अत्तारीन, अलेक्झांड्रिया, गुलनार नाट्यगृहाची लाइट ऑपरेटर, हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. फुप्फुसे कामातून गेली आहेत, डोके नाही. ज्याला शंका असेल त्याने आमच्या कोणत्याही नाटकाचे नाव घ्यावे, मी त्याचे सगळे क्यू, म्हणजे कोणता दिवा कधी लावायचा नि कधी विझवायचा, ओळीने म्हणून दाखवीन.

कलम १. कायद्याने माझ्या मिळकतीच्या फक्त तिसऱ्या हिश्श्यावर माझी इच्छा चालते. बाकीचे माझा भाऊ सब्री याला आपोआप जाईल, तेव्हा बहिणीने काही दिले असा गैरसमज त्याने करून घेऊ नये. लाकडाच्या वखारीतून तो जन्मात एकदाच माझे काम बघायला आला आणि मध्यंतरात म्हणाला, "छान आहे सगळं, पण तू नेमकं करतेस काय? बटण दाबतेस?" होय सब्री, बटण दाबते. तूही फळ्याच विकतोस, झाडे लावत नाहीस.

कलम २. माझ्या दोन्ही सोन्याच्या बांगड्या आणि शिवणयंत्र फथियाला द्यावे. ती आमच्या नाट्यगृहात नटांना कपडे चढवते. दुसऱ्या अंकाच्या शेवटी विंगेत उभी राहून आमच्या मुख्य नटी सनीया हानम, म्हणजे सनीया बाईसाहेब, यांचा हात धरणारी तीच, आणि त्याबद्दल तिने आजवर कोणाजवळ चकार शब्द काढलेला नाही. माझ्या मांजराबद्दल मी काही लिहीत नाही. ते आपले घर आपण बघेल.

कलम ३. नाट्यगृहाने भंगारात काढलेला, दिवे चालवायचा जुना लाइट बोर्ड माझ्या पलंगाखाली आहे. तो आमच्या मोहल्ल्यातल्या मुलींच्या तंत्रशाळेला द्यावा. त्यांच्या मास्तरांना सगळे दृश्य निळे करायची खोड आहे, त्यांना बोर्डापासून लांब ठेवावे. मुलींना एक गोष्ट मात्र आधी शिकवावी. एखादा दिवा एका क्यूमध्ये लावला की पुढच्या कुठल्यातरी क्यूमध्ये "विझव" असे सांगेपर्यंत तो पेटलेलाच राहतो. बोर्ड आपल्या मनाने काही विझवत नाही. एवढेही न कळणारा माणूस आमच्याकडे संचालक झाला आहे.

कलम ४. हे कलम संचालक वजदी शहीन याला एकट्याला बसवून, दार लावून वाचून दाखवावे. सब्रीला त्या वेळी चहाला पाठवावे.

वजदी, तू माझ्या हाताखाली होतास. आजही चालू असलेल्या त्या नाटकाच्या दुसऱ्या अंकात हानमचे स्वगत संपते, मंचावर अंधार होतो आणि त्या डावीकडे निघून जातात. वाटेत तळघराचे झाकण उघडे असते, कारण पुढच्या दृश्याची पेटी त्यातून वर येते. हानमला अंधुक उजेडात दिसेनासे झाले, तेव्हा मी विंगेच्या तोंडाशी एक्केचाळीस नंबरचा दिवा बांधला. लावण्याचा हुकूम बोर्डात भरला. विझवण्याचा भरला नाही. त्यांचे पाऊल फथियाजवळ पोचलेले बघून मी तो हाताने विझवत असे, कारण त्या रोज एका वेगाने चालत नाहीत.

हानम मानी बाई. तिसऱ्याच प्रयोगाला त्यांनी मला गाठले.

"इगलाल, त्या कोपऱ्यात दिवा कशाला गं? मी काय आंधळी आहे?"

"तुमच्यासाठी नाही हो तो, हानम. आशेचं प्रतीक आहे. नाटकवाल्यांना असलं काहीतरी लागतं."

मागे तू वायरी गुंडाळत होतास. ते वाक्य तू उचललेस, माझ्या बोर्डातले सगळे नाटक डिस्कवर उतरवून घेतलेस आणि कैरोला जाऊन आपल्या नावावर लावलेस. विझवण्याचा हुकूम त्यात नव्हताच. तिथे तो दिवा दुसऱ्या अंकापासून पडदा पडेपर्यंत रिकाम्या विंगेवर जळत राहिला, नट नमस्काराला आले तरी जळत होता. बोर्डात गफलत आहे हे तुझ्या ध्यानातही आले नाही. समीक्षकांनी "न विझणारी आशा" म्हणून डोक्यावर घेतले. तुला बक्षीस मिळाले, त्यावर व्याख्याने दिलीस. मी वाचत होते आणि पोट धरून हसत होते. चोरलेस त्याचा राग आहेच, पण न समजता चोरलेस याची मला जास्त किळस येते.

आता इथे संचालकाच्या खुर्चीवर बसून तू मला सांगितलेस, "तो दिवा काढून टाकू, इगलाल. आशा जुनी झाली. प्रेक्षकाला आता मिट्ट काळोख लागतो." खरे सांगितले असते तर दुसऱ्याच दिवशी तू हानमला घरी बसवून नवी पोरगी आणली असतीस. रंगमंच सोडला तर त्या बाईला दुसरे काहीच नाही. मला भीती वाटते, वजदी. मी नसताना त्या पाऊल टाकतील आणि खाली लाकूड नसेल.

म्हणून एक्केचाळीस नंबरचा दिवा मी तुला देते. कल्पना तुझी, कीर्ती तुझी, कोणी विचारणार नाही. अटी अशा. हानम काम करत आहेत तोवर तो दिवा राहील. तू स्वतः बोर्डावर बसशील आणि त्यांचे पाऊल विंगेत पडल्यावर तुझ्याच बोटाने तो विझवशील, घड्याळावर सोडणार नाहीस. आणि हानमला एक अक्षर कळणार नाही. अट मोडलीस किंवा हानमला काढलेस, तर माझे वकील हेच कलम वर्तमानपत्रांना देतील आणि तुझी न विझणारी आशा साऱ्या इजिप्तला समजेल. मी तुझ्या अकलेवर विसंबलेली नाही. तुझ्या मिजाशीवर विसंबले आहे, तिने तुला कधी दगा दिलेला नाही.

कलम ५. माझ्या दफनाला वजदीने भाषण करू नये.

वरील मजकूर मी वाचून, समजून, राजीखुशीने सही केली आहे.

(सही) इगलाल रिझ्क अल-फखरानी
स्थळ: अलेक्झांड्रिया. दिनांक: ९ फेब्रुवारी २०१६

साक्षीदार:
१. (सही) मुर्कुस अब्दुल-मलाक, वकील
२. (सही) सनीया बहगत, अभिनेत्री

वकिलांची नोंद: साक्षीदार क्र. २ यांनी "चष्मा घरी राहिला" असे सांगून मजकूर न वाचता सही केली. लिहून देणार यांनी त्यांचे बोट कागदावर नेऊन ठेवले आणि स्वतःला खिडकीतला उजेड आवडतो असे म्हणून पडदा पुरता बाजूला सारला. तरीही सही ओळीच्या बरीच खाली गेली आहे. ती तशीच ग्राह्य धरावी.