आपल्या विहिरीचं पाणी

आबा, आज दुपारी सोप्यात बसून शाळेतली कवितांची वही चाळत होतो, तर वरून एक पोपडा सुटून नेमका उघड्या पानावर पडला. बोटाएवढा. एका अंगाला चुना, दुसऱ्या अंगाला गंजाचा तांबूस ठसा. वही झटकली नाही, तसाच ठेवून हे लिहायला घेतलं. खरं तर हे तुमच्या खाटेजवळ बसून बोलायचं होतं.

नव्वदचं दशक नुकतंच लागलेलं. तुम्ही पलटणीतून सुभेदार होऊन परतलेले, आणि कौलं उतरवून सिलॅब टाकायचा तुमचा हट्ट. मी साताऱ्याला बांधकाम खात्यात ओव्हरसियर, रजा काढून सांगलीकडच्या आपल्या गावी आलेलो. आजही ती सकाळ तशीच दिसते. सळया बांधून झाल्यात, बाया घमेली घेऊन उभ्या आहेत, आईनं विहिरीला हळदकुंकू वाहून पहिली घागर भरलीय. आणि उंब्रजचे मिस्त्री त्या घागरीतलं ओंजळभर पाणी तोंडात घेऊन बाजूला थुंकतात.

"आवं सुभेदार, ह्या पाण्यानं चा नासतोय. सिलॅब काय टिकंल? नदीचा टँकर बोलवा, एक दिस थांबू."

"तुला चा पायजे का सिलॅब?" तुम्ही म्हणालात, आणि सगळी माणसं हसली. मिस्त्रीही हसले, पण जागचे हलले नाहीत. मग तुम्ही माझ्याकडे वळलात. "काय रं सायेब? तू शिकलायस. चालंल का न्हाई?"

मला माहीत होतं, आबा. उसाला पाणी पाजून पाजून विहिरीकडेचं आपलं रान फुटून क्षारपड झालं होतं, बांधावर पांढरा खार दिसत होता. पाणी मीही चाखलं होतं. जे पाणी पिववत नाही ते काँक्रीटला घालू नये, हा तर आमच्या शिक्षणातला पहिला धडा. पण त्या घागरीवरचं कुंकू, तुमचा ताठ चेहरा, कोवळं ऊन, आणि माझ्या मनात तेवढ्यात एक ओळ जुळून आलेली: घर आपुल्या मातीचे, पाणी आपुल्या विहिरीचे. शाळेत असल्यापासून मला हा रोग. ओळ सुचली की समोरचं दिसेनासं होतं. मी म्हणालो, "चालंल की, आबा."

मग ती ओळ म्हणून दाखवली, तर तुम्हाला इतकी आवडली की दाराच्या गणेशपट्टीवर घालायला लावलीत. ओल्या गिलाव्यात थापीच्या टोकानं मिस्त्रींनीच ती कोरली. कोरताना एवढंच म्हणाले, "लिवलंय ते खरं ठरू द्या म्हंजे झालं."

सात-आठ वर्षांत सोप्याच्या छतावर सळयांच्या रेघेरेघेनं तडे आले. खार आत बसला की सळई गंजते, गंजली की फुगते, आणि वरचं काँक्रीट ढकलून देते. जेवताना आईच्या ताटात खपली पडली, तेव्हा तुम्ही उंब्रजला निरोप धाडलात. मिस्त्री एसटीनं आले. म्हातारे झाले होते. तुम्ही त्यांना बसाही म्हणाला नाहीत. "सिमेंट कुठं गेलं रं?" एवढंच विचारलंत. त्यांनी छताला हात लावला, पडलेला तुकडा जिभेला लावला आणि माझ्याकडे पाहिलं.

"सायेब, तुमी सांगा."

मी म्हणालो, "बघतो तपासून."

त्या दिवशी आपल्या घरातून ते चहाशिवाय गेले. पंचवीस घरं बांधलेला माणूस. सुभेदारानं सिमेंटचोर ठरवल्यावर आपल्या गावात त्यांना पुन्हा कुणी बोलावलं नाही. पुढं ते वारल्याचं मला साताऱ्यात कळलं. मी गेलो नाही.

दुरुस्ती मी स्वतः केली. टेकू लावले, छिन्नीनं सैल भाग काढला, सळया लोखंडी ब्रशनं लखलखीत होईतो घासल्या, झिजल्या तिथं नव्या जोडल्या, वर दाट गिलावा, ओलं बारदान. तुम्ही खाली खुर्ची टाकून "माझा ल्योक पक्कं काम करतोय" म्हणून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होता. दोन पावसाळ्यांत त्या ठिगळाच्या कडेला पुन्हा तांबडी रेघ उमटली. खार सगळ्या अंगात असताना एका जागी मलम लावून काय होतं? तुम्ही म्हणालात, "मिस्त्र्यानं लय वाटोळं केलं." मी तेव्हाही मान डोलावली. तेच मनात घेऊन तुम्ही गेलात.

हे पत्र धाडायला ना तुमचा पत्ता, ना मिस्त्रींचा. वहीतच राहील, पोपड्यासकट. फक्त एक सांगतो. दुरुस्तीच्या वेळी गणेशपट्टीवरची ओळ दिसेना, तेव्हा तुम्ही हळहळून विचारलं होतंत, "तिथंबी गंज व्हता का रं?" मी हो म्हणालो होतो. नव्हता, आबा. तिथं एकही तडा नव्हता, मिस्त्रींची अक्षरं जशीच्या तशी होती. पहिल्या दिवशी, टेकू लावायच्याही आधी, मी तीच लिंपली.