तरव्यावरची माती

तीर्थस्वरूप मामंजी,

तुम्हाला जाऊन वर्ष व्हायला आलं. आज शेजारच्या पेद्रूबाबांच्या घरून आले आणि तशीच लिहायला बसले. हे मुंबईला, मग सांगणार कुणाला?

मामंजी, आपली काजूची बाग जळली. पोर्तुगीज नाक्यावर हुज्जत घालून गोव्यातून बी आणून तुम्ही लावलेली! माझ्या हातून जळली.

भाताची रोपं करायचा तरवा दरवर्षी तुम्ही भाजायचात. शेण, झाडांचे तोडलेले टाळ, वाळक्या पानांचा पातेरा असे थर, आणि सगळ्यावर बारीक माती. काडी लावायची ती पहाटवारा पडल्यावर, ऊन चढायच्या आत. मी एकदा विचारलं, "जळूचाच आसा, तर वयर माती कशाक?"

"सांगलंय तेवढां कर गो!"

कारण सांगितलं असतंत तर तोंड दुखलं असतं का हो?

यंदा नेमकी त्या दिवशी गाय व्यायली, सकाळ तिच्यातच गेली. दुपारी काडी लावली. माती? टोपल्या वाहणार कोण, म्हणून सोडून दिली. तेवढ्यात पश्चिमेचा वारा सुटला. पेटता पातेरा उडून डोंगरउतारावरच्या वाळल्या गवतात पडला आणि बघता बघता आग बागेत शिरली. वाडी हिरवे टाळ घेऊन धावली. झोडपून झोडपून आग विझवली, तरी अर्धी बाग गेली, आणि पेद्रूबाबांच्या गोठ्याचं छप्परही.

कुणीतरी म्हणालं, "पेद्रूच्या विडयेन घात केल्यान!" छप्पर त्यांचंच जळालेलं आणि बोलही त्यांनाच. तुमच्या सुनेचा तरवा चुकेल असं कुणाच्या मनातही आलं नाही. तुमच्या नावाच्या आडोशाला मी तीन दिवस गप्प बसले. लाज वाटते सांगायला.

आज त्यांच्याकडे चार माणसं गोठा शाकारत होती. सगळ्यांसमोर म्हटलं, "आग माज्या तरव्याची. पेद्रूबाबांचो काय दोष नाय."

पेद्रूबाब वर छपरावर होते. म्हणाले, "माका ठावक आसा. पातेरो उडताना माका दिसलो."

"मगे बोललात नाय कित्याक?"

"तुझो सासरो तीस वर्सां माझो शेजारी. त्येची सून आपसूक येतली, म्हणान रवलंय."

मी रडले हो, चारचौघांत! तर म्हणतात, "रडा नको. ती गवताची पेंडी वयर दी."

संध्याकाळपर्यंत पेंड्या दिल्या. येताना बागेत शिरले, जळक्या खोडांची साल नखाने खरवडून पाहिली. सात झाडं आतून हिरवी आहेत, मामंजी! सात!

पण बांद्याच्या बाजारात विडीची गोष्ट अजून फिरते आहे. शब्द देते, येत्या बाजाराला मी जाईन. जिथे ती ऐकू येईल तिथे टोपली खाली ठेवून सांगेन की आग लावणारी मी. कुणाची कोण विचारतील, तेव्हा तुमचं नावही सांगेन. रागावू नका.

तुमची सून,
सुलोचना